हुबेहूब आई

भाद्रपदातले केशरकांती ऊन कृष्णाकाठच्या हळदीच्या रानांवर उतरले होते. रुंद, रसरसलेली, हिरवीकंच पाने; पानापानावर दहिवर; दहिवरात थरथरणारा इवला इवला सूर्य. पूर ओसरलेली नदी गढूळ, गंभीर, मंदगामिनी. वद्य नवमीची सकाळ होती, आणि घरात खीर उकळत होती.

अविधवा नवमी. अहेवपणी गेलेल्या आईच्या नावाने आज सवाष्ण जेवायची. पण या घरची रीत न्यारी. गेलेलीशी जिचा चेहरा जुळतो, तिलाच पाटावर बसवायचे. म्हणून लग्न झाल्यापासून पाटावर बसायची ती हेमलता, थोरली लेक, सगळ्यांची अक्का. आणि वाढायची ती मृदुला, धाकटी.

अक्काला सारे मिळाले होते. आईचा केतकीगौर वर्ण, आईचे कृष्णगहिरे डोळे, हनुवटीवरची आईची खळी. हसणेही आईचेच, म्हणे. म्हणे, कारण आई स्तनाच्या कर्करोगाने गेली तेव्हा मृदुला नऊ वर्षांची होती, आणि ते हसणे तिला धड आठवतही नव्हते. तिच्या वाट्याला आले अण्णांचे बसके नाक आणि अण्णांचे रुंद कपाळ. हेवा तिळातिळाने वाढला. त्या वर्णाचा हेवा, त्या खळीचा हेवा, अक्काकडे पाहताना ओलावणाऱ्या अण्णांच्या डोळ्यांचा हेवा. लाज वाटायची तिला. पण लाजेने हेवा कधी मेलाय का?

यंदा उन्हाळ्यात मावशीलाही तोच आजार निघाला. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे रक्त तपासले. दोष जनुकातला निघाला. मग त्यांनी कागदावर सारे घराणे मांडले, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, आणि आजोळची आजी, आई, मावशी असे आजार झालेल्यांचे तीन गोल काळे केले. भाच्यांचीही तपासणी करा, म्हणाल्या.

अण्णांचा जीव अक्कासाठी गोळा झाला. नवस बोलले, उपास धरले. "तू माझ्यावर गेलीस बाळ, तुला कसली भीती?" असे धाकटीला म्हणाले. चेहऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही, दोघींनाही निम्मी निम्मी शक्यता, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. पण ऐकतो कोण!

काल दवाखान्यात अहवाल मिळाले. अक्का आधी बाहेर आली, रडत, हसत. तिच्यात दोष नव्हता. अण्णा पेढे आणायला धावले ते धावलेच. मृदुलाचे विचारायचे राहून गेले. अक्काने विचारले, तर "बघू नंतर" म्हणून मृदुलाने पर्स मिटली.

आज अण्णांनी पाटाभोवती रांगोळी रेखली. अक्का बसली, पीतवसना, पुष्पवेणी, प्रसन्नवदना. "साक्षात तीच गं," अण्णा पुटपुटले. मृदुला खीर वाढायला वाकली. अक्काने तिचे मनगट धरले.

"मृदे, कालपासून विचारतेय. तुझा कागद काय म्हणतो?"

"आईचं माझ्याकडे आलंय, अक्का."

अण्णांच्या हातातली फुले हातातच राहिली. ते धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहू लागले, भेदरून, शोधून शोधून, जन्मात पहिल्यांदा तिच्यात आई धुंडाळत. एक क्षण, एकच क्षण, मृदुलाला जिंकल्यासारखे वाटले. खोटे कशाला बोला?

मग भीती आली. दोष आला म्हणजे आजार आलाच असे नाही. पण तपासण्या चुकवायच्या नाहीत, वेळ पडली तर शस्त्रक्रिया. सारे तिला पाठ होते. ती चौतीस वर्षांची होती. आई अडतिसाव्या वर्षी गेली होती.

अक्का पाटावरून उठली, तिला घट्ट बिलगली, हमसून हमसून रडू लागली. अक्काची एकेचाळीस वर्षे सरली होती. आईचा चेहरा जिथवर कधी पोचलाच नाही, तिथे तो अक्काच्या अंगाने केव्हाच पोचला होता. आणि अजून पुढे जाणार होता. पिकणार होता, सुरकुतणार होता, सत्तरीत बोळक्याने हसणार होता.

मृदुला अगदी जवळून पाहत राहिली. अक्काच्या भांगातल्या कुंकवाशेजारी एक केस पांढरा झाला होता. वर्ण राहू दे, खळी राहू दे, अण्णांचे ओले डोळेही राहू देत. तिला तो पांढरा केस हवा होता. खिडकीतले ऊन सरकत सरकत त्यावर आले, आणि तो एकटाच, रुपेरी, चमकत राहिला.