नळीवरचा हात

वकीलबाईंची गाडी गॅरेजमध्ये आली तेव्हा तिची मागची बाजू जमिनीला टेकायच्या बेतात होती. या गाडीला स्प्रिंगा नसतात. इंजिन सुरू झालं की पंप तेल दाबतो, ते बारीक पोलादी नळ्यांतून चाकांपर्यंत जातं आणि त्या तेलावर गाडी उचलली जाते. तेल गळलं की गाडी बसते. एके काळी बडे कारखानदार अशा गाड्यांतून मिरवायचे. आता दुरुस्ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड, पण हे वकीलबाईंना सांगायची सोय नाही. गाडी विकायची नाही आणि तिला हात लावायचा तर तो दाजींनीच, एवढंच त्यांना ठाऊक.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गॅरेज त्यांचं. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी त्यांच्या हाताखाली आहे आणि अजूनही ते मला नवशिकाच समजतात. या जातीच्या गाड्यांचं काम आमच्या शहरात दुसऱ्या कोणाला नीट येत नाही, मला धरून. ते काम म्हणजेच दाजी. घरी ते फारसे बोलत नाहीत, सुट्टीच्या दिवशी तर ताईला त्यांचं काय करावं ते कळत नाही.

त्यांनी मला शिकवलेला पहिला धडा हा, की गळती हाताने शोधायची नाही. दाब इतका असतो की सुईएवढ्या भोकातून तेलाची धार निघते, ती डोळ्याला दिसत नाही आणि कातडीतून सरळ आत शिरते. म्हणून नळीच्या कडेने पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा; जिथे तो ओला होईल तिथे भोक. मी एकदा घाईत हात पुढे केला, तर त्यांनी पान्याने मनगटावर असा टोला दिला की आठवडाभर मला भाकरी मोडता आली नाही.

त्या सकाळी गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवली, इंजिन चालू ठेवलं आणि आम्ही दोघं खाली शिरलो. दिवा मी धरला होता. दाजींनी मागच्या चाकांकडे जाणाऱ्या नळीवरून पुठ्ठा सावकाश नेला, मग तो नाकाजवळ आणून बघितला आणि कोरडा आहे म्हणाले. पुठ्ठ्यावर चांगला रुपयाएवढा हिरवट डाग पडलेला मला दिसत होता. तसं मी म्हणालो. त्यांनी मला गप बसायला सांगितलं, पुठ्ठा बाजूला टाकला आणि नळीवरून बोटं फिरवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"सापडली," ते म्हणाले. आवाजात चक्क समाधान होतं.

बोट पुसून ते नळी कापायचं हत्यार मागू लागले. मी आधी त्यांचं बोट मागितलं. तर्जनीच्या टोकाला बारीकसा ठिपका होता, मुंगी चावल्यासारखा. रक्त नाही. दुखतंय का विचारलं तर म्हणाले, काही नाही, जरा बधिर झालंय. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. बधिर होणं हेच वाईट लक्षण, हेही त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की आधी नळी बदलू, बाईंना संध्याकाळी गाडी द्यायची आहे, दवाखाना काही पळून जात नाही. मी इंजिन बंद केलं, दाब सोडला, आणि गाडी घोड्यांवर बसल्यावर त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या अंगाला असा हात लावला. त्यांनाही ते इतकं नवीन होतं की ते मुकाट्याने टेम्पोत बसले.

रस्त्यात मी तोंडाचा पट्टा सोडला. पुठ्ठा ओला होता, मी सांगितलं होतं, एवढी वर्षं मला शिव्या कशासाठी खाऊ घातल्या, असं बरंच काही. बोट तोवर पांढरं पडून सुजायला लागलं होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते समोर बघत म्हणाले,

"डाग दिसला असता तर हात घातला असता का मी?"

मग हळूहळू निघालं. त्यांना नजरेच्या मधलं काही दिसत नव्हतं, कडेकडेचं दिसायचं. नटबोल्ट बोटांनी ओळखायचे, रंग मला विचारून घ्यायचे, तेही असे की परीक्षा घेताहेत असं मला वाटावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आता यावर फारसा इलाज नाही असं सांगितलं होतं. "ताईला बोलू नकोस," ते म्हणाले. "ती मला गॅरेजमध्ये पाऊल टाकू देणार नाही."

शल्यचिकित्सक बाईंनी ठिपका बघितला, किती वेळ झाला विचारलं आणि तडक आत घेतलं. बोट टोकापासून तळहातापर्यंत उघडून आतलं तेल धुवावं लागलं. अजून उशीर झाला असता तर बोट गेलं असतं, कदाचित हातही, असं त्या बाहेर येऊन म्हणाल्या. ताई तोवर आली होती. माझे दोन्ही हात धरून ती रडली. डोळ्यांचं मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी उशीला टेकून बसले होते, हात पांढऱ्या गाठोड्यात. मी जाकीट खुर्चीच्या पाठीला अडकवून त्यांच्यासमोर बसलो. ताई खुशीत होती. हात वाचला, थोडा आराम करा, मग आहेतच तुमच्या गाड्या, असं ती म्हणाली. दाजींनी मान डोलावली आणि माझ्या दिशेने बघितलं. गप्प राहा, असं ते बघणं होतं.

मी राहिलो नाही.

"हात बरा झाला तरी तुम्ही गाडीखाली जायचं नाही," मी म्हणालो, आणि का ते ताईला सांगितलं. सगळं सांगितलं.

ताई खाटेच्या कडेवर बसली. मला वाटलं होतं दाजी भडकतील, बायकोचा भाऊ म्हणून माझा उद्धार करतील. ते झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. मला तिथे बसवेना. मी आवाज न करता उठलो आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

"मग मी करू काय, सांग," दाजी म्हणाले. रागाने नाही. खरंच विचारत होते.

ताईने माझ्याकडे बघितलं. दाजी रिकाम्या खुर्चीकडे, माझ्या जाकिटाकडे तोंड करून उत्तराची वाट बघत होते.