गृहप्रवेशाच्या गायीची झूल

मी झूल बोलतेय. गायीच्या पाठीवर मिरवणारी, लाल मखमलीची. पूर्वी ऐटीत बोलले असते. आता तोंड लपवावंसं वाटतं.

यशवंतपूरच्या गोठ्यात गोदूबाईंनी मला शिवलं, कडेला गोंडे लावले, मधे आरसे टाचले. त्यांचे यजमान गुंडोअण्णा. त्यांच्या दोन गायी, तुंगा आणि कावेरी. बेंगळुरात नव्या घरात आधी गाय नेतात, म्हणून अण्णांना सारखी बोलावणी. मला माणसांची गंमत वाटायची. त्यांना गाय हवी, पण शेण नको.

श्रावणात तुंगाला ताप आला, पाठीवर गाठी उठल्या.

"लंपी असेल हो. स्वल्प थांबा, डॉक्टरांना दाखवू," गोदूबाई म्हणाल्या.

"बेळ्ळंदूरच्या घराचा मुहूर्त उद्याचाय. झूल घाल, दिसायचं नाही," अण्णा म्हणाले.

बेळ्ळंदूरला नव्या घरच्या श्वेतानं भक्तीनं तुंगाच्या पाठीवर हात ठेवला.

"काका, इथे हाताला काहीतरी लागतंय."

"आरसे आहेत, अक्का."

आरसे माझेच. खोटं अण्णा बोलले, पण आडोसा मी दिला. त्या दिवशी प्रथमच मला माझ्या मखमलीची लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात मला न धुताच कावेरीवर घातलं. तुंगाच्या अंगावरच्या गोचिडी माझ्या शिवणीत दडल्या होत्या. मला ठाऊक होतं, पण सांगणार कशी? कावेरी सात महिन्यांची गाभण होती. पंधरा दिवसांत तिलाही गाठी आल्या आणि ती गाभडली. गोदूबाई तिच्याजवळ बसून रडल्या.

मग सुप्रीता डॉक्टर आल्या. कुठल्या गोठ्यात किती गुरांना लंपी झाला आणि कशामुळे, याची पाहणी चालली होती.

"लस दिली होती? गायी बाहेर नेता? एकीचं सामान दुसरीला वापरता?"

अण्णा प्रत्येकाला 'नाही' म्हणाले. मी त्यांच्या डोक्यामागे खुंटीलाच होते.

गोदूबाई उठल्या. मला काढून डॉक्टरांपुढे पसरलं. "हिला विचारा, मॅडम. माझ्या हातची आहे. गृहप्रवेशाला नेताना दोघींवर हीच असते."

माझ्या शिवणीतून एक गोचीड बाहेर आली. डॉक्टरांनी दोन 'नाही' खोडले. लस दिली नव्हती, तेवढं खरं होतं.

आता मी अंगणात पडलेय. अण्णांच्या हातात काडेपेटी आहे, पण त्यांना काडी ओढवत नाही. "उकळून धुतली तर चालेल की," म्हणतात.

नका धुऊ, अण्णा. तुंगा वाचली, तरी पाठभर वण आहेत. उद्या पुन्हा गाठी उठल्या, तर झाकायला तुमच्या हाताशी मी नसावं. ओढा काडी.