लूम बंद, रेषा चालू

अनंतच्या दुरुस्तीच्या दुकानात दोघे स्कोपकडे, सिग्नलची रेषा काढून दाखवणाऱ्या यंत्राकडे, पाहत होते. स्कोपच्या गोल काचेवर हिरवी रेषा डावीकडून उजवीकडे पळत होती, आणि शोभाने नॉबवरचा अंगठा मुद्दाम उचलून दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. बाहेर बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात लूम बंद होते. मजुरीची बोलणी फिसकटल्यापासून गल्लीतला एकही पॉवरलूम चालला नव्हता. ज्या खडखडाटात इथली माणसे जन्मतात, भांडतात आणि झोपी जातात, तो कोणीतरी भिंतींतून उपसून नेल्यासारखा नाहीसा झाला होता. अशा दिवशी ती रेषा जागच्या जागी थांबायला हवी होती. ती थांबली नाही.

"लूमचा करंट तर नाही आज," शोभा अखेर म्हणाली.

अनंतच्या हातातला प्रोब, स्कोपची टोकदार सळई, बोर्डावर होता तिथेच होता. "असेल कुठंतरी चालू. लालबागकडं एखादा."

"लालबागच्या लूमनं राजपुऱ्यातला स्कोप पळतो काय, भाऊ?"

उत्तर त्याला ठाऊक होते, आणि ते स्कोपच्या ज्या पत्र्याच्या आवरणाआड होते त्याच्यावर त्याचा कोपर टेकलेला होता.

नव्वदीतली, परदेशी मालाला बाजार मोकळा झाल्यापासूनची ही वर्षे. परदेशातले जुने व्हिडिओ गेम मुंबईच्या भंगारातून पोत्यांनी येत, आणि खंडव्यापासून भुसावळपर्यंत जिथे म्हणून टॉकीज किंवा स्टँड होता तिथे एखाद्या अंधाऱ्या गाळ्यात ते मांडले जात. उन्हाळा, धूळ आणि वरखाली होणारी वीज यांपुढे त्यांचे बोर्ड फार टिकत नसत. मग ते वर्तमानपत्रात गुंडाळून अनंतकडे येत. त्यांच्या जोडणीचे नकाशे कोणाजवळच नव्हते. एकेका चिपच्या एकेका पायावर प्रोब टेकवायचा, सिग्नल कुठवर जिवंत आहे आणि कोणत्या पायाशी मेला आहे ते स्कोपच्या काचेवर पाहायचे, एवढीच वाट होती.

स्कोप बंद पडलेल्या एका रेडिओ कारखान्याच्या लिलावातला. आत काचेचे व्हॉल्व्ह, तापायला वेळ घेणारे, तापले की गरम धुळीचा वास सोडणारे. त्याची एकच खोड होती. चित्र स्थिर राहत नसे. ट्रिगरचा नॉब कोणीतरी अंगठ्याने सतत, केसभर इकडे, केसभर तिकडे, फिरवत राहिले तरच रेषा थांबे. अनंतचा एक हात प्रोबवर, दुसरा भिंगावर. तिसरा हात शोभाचा होता.

देडतलाईच्या सासरहून ती कायमची परत आली तेव्हा तिच्या वडिलांनी, वामनरावांनी, संकोचत विचारले होते, "आयटीआय केलेली आहे. बसू द्याल का दुकानात?" ती बसली ती बसलीच. नॉब धरण्यापासून सुरुवात झाली. पुढे ती त्याच्याइतकेच बोर्ड जाणू लागली. लूममुळे वीज थरथरते आणि विजेमुळे रेषा पळते, हे तिला अनंतनेच सांगितले होते. सांगितले तेव्हा त्याचाही त्यावर विश्वास होता.

इंदूरच्या एका कंपनीने तिला मागच्या वर्षी बोलावले होते. शहरभरच्या गेम मशीनांची दुरुस्ती, स्वतःचे टेबल, हाताखाली माणसे. तिने नाही म्हणून कळवले. "मी गेली तर भाऊंची रेषा कोण धरेल?" असे हसत हसत सगळ्यांना सांगितले. या वर्षी त्यांनी पुन्हा विचारले होते, आणि आज संध्याकाळपर्यंत तिला फोन करायचा होता. आजचा प्रयोग तिचाच. लूम नसताना रेषा थांबली, तर दोष विजेचा. मग एक चांगला स्टॅबिलायझर बसवला की अनंत एकटा काम करू शकेल आणि ती निर्धास्त जाईल. तिचा हिशेब सरळ होता. सकाळी तिने तो मांडला तेव्हा अनंत मान हलवत "बघू" म्हणाला होता, आणि तेव्हापासून तो स्कोपच्या जवळून हलला नव्हता.

"काय शेठ, मौनव्रत धरलं का दोघांनी?"

दारात चुडामण उभा होता. शनवाऱ्यात त्याचे व्हिडिओ गेमचे पार्लर. टेबलावरचा बोर्ड त्याचाच.

"माझा पैलवान भेटला का नाही?"

"शोधतोय," अनंत म्हणाला.

"लवकर शोधा, बाबा. पडद्यावर पैलवान दिसतच नाही, खाली नुसती सावली. सावली सावलीले बुक्क्या मारते. पोट्टे म्हणतात, चुडामणभाऊ, भुताचा गेम लावला काय? आज लूम बंद, सगळी पब्लिक माझ्याकडं पडेल है, अन् मशीनवर फडकं टाकून बसलो मी." त्याने शोभाकडे वळून आवाज खाली आणला. "ताई, ऐकलं ते खरं हाय का? इंदूर?"

"बोर्ड संध्याकाळी घेऊन जा, चुडामणभाऊ."

"म्हणजे खरं हाय." तो अनंतकडे पाहून हसला. "शेठ, मग तुम्ही पायाचा अंगठा तयार करा आता. नॉब फिरवायले."

तो गेला. त्याच्या हसण्याचा आवाज रिकाम्या गल्लीत बराच वेळ ऐकू येत राहिला.

शोभाने अंगठा पुन्हा नॉबवर ठेवला. रेषा डगमगली, थांबली, तिच्यातून चौकोनी लाटा उमटल्या. अनंतने प्रोब पहिल्या पायावर टेकवला.

"एक."

"आहे."

"दोन."

"आहे."

"तीन."

"आहे. बारीक आहे, पण आहे."

इतक्या वर्षांत ती दोघे एकमेकांशी जे बोलली होती त्यातले बहुतेक हेच होते. आकडा आणि होकार. आकडा आणि नकार. दुकान बंद करून अनंत आपल्या दोन खोल्यांत परते तेव्हा तिथे कोणी काही विचारत नसे. स्टोव्हवर भात रटरटत असताना तो कधी कधी भांड्यांकडे पाहत मनातल्या मनात आकडे मोजी आणि प्रत्येक आकड्यानंतर क्षणभर थांबे. त्या थांबण्यात तिचा आवाज असे. त्याला नाव देण्याचे धाडस त्याने केले नव्हते. ती त्याला भाऊ म्हणत होती, आणि त्या शब्दाच्या कुंपणापलीकडे डोकावावे असेही त्याला वाटत नव्हते. फक्त आकड्याला उत्तर यावे, एवढेच.

"अकरा."

"नाही."

"नीट बघ."

"मेली, भाऊ. दहावर आहे, अकरावर नाही."

चिप सापडली. अनंतने ती उपसून दुसरी बसवली, बोर्डाला वीज दिली, आणि छोट्या टीव्हीवर दोन रंगीत पैलवान आपापल्या सावल्यांवर उभे राहिले. एरवी अशा वेळी शोभा टाळी वाजवी. आज तिने स्कोपचा प्लग काढला आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

"काय करतेस?"

"लूम नाही, तर दोष आतमधी आहे. उघडून बघते."

"आत दोन हजार व्होल्ट आहे."

"करंट उतरू देते. तुम्हीच शिकवलं." पहिला स्क्रू तिने डबीच्या झाकणात ठेवला. "इतकी वर्षं झाली, आपण एकदा पण उघडला नाही. दुनियेचे बोर्ड उघडले अन् आपला स्कोप तसाच. कमाल आहे ना?"

"राहू दे, शोभा. जुनं यंत्र आहे. हात लागला अन् दुसरंच काही बिघडलं म्हणजे?"

"बिघडेल तर करू नीट. बोर्ड काय आपल्याकडं चांगले येतात?"

त्याला उठावेसे वाटले. हातातून तो स्क्रूड्रायव्हर काढून घ्यावा, ओरडावे, दुकानच बंद करावे. तो स्टुलावर बसून राहिला. पत्र्याचे आवरण मागे सरकले. आत वेण्या घातल्यासारख्या तारा आणि धुळीने पांघरलेले व्हॉल्व्ह. शोभाने बॅटरी पेटवली आणि ट्रिगरच्या पट्टीवर प्रकाश धरला. मग तो प्रकाश हलेनासा झाला.

तिथे एक तपकिरी कंडेन्सर होता, अंगातून मेण पाझरलेला, गळका. कोणीही मेकॅनिक पहिल्या नजरेत बदलेल असा. पण त्याच्या दोन्ही बाजूंचे सोल्डर, जोडाचे कथील, लखलखीत होते. त्याचे पाय एकदा कापले गेले होते आणि पुन्हा पुरावेत म्हणून त्यांना बारीक तारेचे तुकडे जोडले होते. सोल्डरभोवती धुळीचा कण नव्हता, राळेचा डाग नव्हता. स्पिरिटच्या ब्रशने पुसलेले होते. असे पुसणारा माणूस आख्ख्या बुऱ्हाणपुरात एकच होता.

"जुना कंडेन्सर," ती हळू म्हणाली. "नवं सोल्डर."

बाहेरून एक सायकल गेली. तिची साखळी घासत होती.

"कधी, भाऊ?"

"तू फोपनारला लग्नाला गेली होतीस तेव्हा."

"त्याला तर दोन वर्षं झाली."

"हो." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "वेळ होता म्हणून उघडला. हाच गळत होता. बदलला. रेषा थांबली. दुपारपर्यंत सगळे बोर्ड एकट्यानं झाले."

"मग?"

ती दुपार त्याला लख्ख आठवत होती. काचेवरची रेषा ताठ, निश्चल, कोणाचीही गरज नसलेली. त्याने सवयीने "एक" म्हटले होते, मोठ्याने, आणि दुकानाने ते परत त्याच्याच अंगावर टाकले होते. संध्याकाळ होईतो त्याने केराच्या डब्यातून तो तपकिरी तुकडा शोधून काढला होता.

"मग परत जुना लावला," तो म्हणाला.

शोभाने बॅटरी विझवली. ती रागावेल, रडेल, काहीतरी फेकेल अशी त्याने वाट पाहिली. ती नुसती स्कोपच्या उघड्या पोटाकडे पाहत राहिली.

"लोक दुसऱ्याचं यंत्र बिघडवतात," ती म्हणाली. "तुम्ही स्वतःचं बिघडवलं. हे कोणाले सांगू, तर हसतील मले."

"शोभा..."

"मागच्या वर्षी मी इंदूरवाल्यांना फोन केला तेव्हा तुम्ही माझ्यासोबत बूथवर आले होते. बाहेर उभे होते. मी काय बोलून राह्यली ते ऐकत होते. घरी बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अन् तुम्ही मले येता येता काय म्हटले? म्हणे, चांगलं केलंस."

त्याला ते आठवत होते. त्या रात्री त्याला फार दिवसांनी गाढ झोप लागली होती, हेही आठवत होते, आणि आता त्या झोपेचीच त्याला सर्वांत जास्त शरम वाटली.

"तू म्हणशील तर मी आज बाबांना भेटून सांगतो," तो म्हणाला.

"नको. त्यांना काय सांगाल? कंडेन्सर?"

तिने इस्त्रीसारखी तापणारी ती सोल्डरची कांडी चालू केली. खणातून नवा कंडेन्सर काढला, पाय वाकवले, जुना उतरवून नवा बसवला. काम झाल्यावर तिने ब्रश स्पिरिटमध्ये बुडवला आणि सोल्डर पुसून काढले, अगदी त्याच्यासारखे. मग ते लक्षात येऊन ब्रश जरा जोरातच खाली ठेवला. आवरण चढवले. प्लग लावला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत दोघे बसून राहिले, पाहुण्यांसारखे, एकमेकांकडे न बघता.

रेषा उमटली आणि थांबली. नॉबला कोणाचाही हात नव्हता.

"झालं," शोभा म्हणाली. "स्टॅबिलायझर पण नाही लागत."

तिने पदराला हात पुसले, पर्स खांद्याला अडकवली, चुडामणचा बोर्ड नीट कागदात गुंडाळून काउंटरच्या कडेला ठेवला. हे सगळे ती रोजच्यासारखेच करीत होती, आणि अनंतला वाटले, आता न विचारले तर पुढे विचारायला जागाच उरणार नाही. क्षमा मागावी हे त्याला सुचत होते. पण जिभेवर आले ते दुसरेच, इतके दिवस त्या पत्र्याच्या आवरणापेक्षाही खोल झाकून ठेवलेले.

"शोभा, एक सांग. मागच्या वर्षी तू नाही म्हणालीस, ते फक्त या रेषेसाठी?"

चप्पल घालता घालता ती थांबली. तिचा हात चौकटीवर होता, पाठ त्याच्याकडे. ती मान वळवेल असे क्षणभर वाटले. मग तिने दुसऱ्या पायात चप्पल सरकवली, पायरी उतरली, आणि मागे न बघता उन्हातून फोनच्या बूथकडे चालू लागली.