चेंडूपुढचे महाराज

तिने काठी दोन्ही हातांनी उचलली, टोकाचा नारिंगी चेंडू डोक्याच्या हातभर वर नेला, तरी दिग्दर्शक ओरडलाच.

"अजून वर! राजकन्या हवेत तरंगतेय, स्टुलावर नाही बसलेली!"

राजकन्या म्हणजे चेंडू. निदान आज तरी. पुढे संगणकावर बसणारी मंडळी चेंडूच्या जागी राजकन्येचं भूत आणणार होती आणि मागच्या हिरव्या पडद्याच्या जागी जळकं नगर. हिरवं ते सगळं पुसायचं, असा इथला कायदा. म्हणून काठी हिरवी, आणि काठी धरणारी तीही नखशिखांत हिरव्या कपड्यात. तोंडावर ओढायचं टोपडं तेवढं तिने मागे सारलं होतं.

चेंडूपुढे गुडघे टेकून बसलेला म्हातारा नट तिचा बाप. उभा जन्म राजे रंगवण्यात गेल्यामुळे सगळे त्यांना महाराज म्हणत. ती काहीच म्हणत नसे. आई दवाखान्यात दाराकडे डोळे लावून पडली होती, तेव्हा महाराज कुठल्याशा लढाईचा शेवटचा प्रसंग उरकत होते. आले तेव्हा खाटेवरची चादरसुद्धा बदलून झाली होती. त्यावर त्यांनी आजतागायत अवाक्षर काढलं नव्हतं. थट्टामस्करी मात्र बिनदिक्कत चालू. त्या दिवसापासून 'बाबा' हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता.

काठी धरणं हे खरं तर तिचं कामच नव्हे. ती संगणकावरच्या मंडळींपैकी. पण पटकथेत राजाचं वाक्य तिच्या वाचनात आलं – 'मी यायला हवं होतं, बाळ. मी आलो नाही.' – आणि तिने काठी मागून घेतली. उसनं का होईना, त्या तोंडून ते एकदा ऐकायचं होतं.

"सिंहासनं झिजवली मी," महाराज म्हणाले, "आणि म्हातारपणी चेंडूपुढे नाक घासतोय. काय दिवस आले!"

"पोटची पोर समजा त्याला," कॅमेरामन म्हणाला.

"पोर निदान फणकारते रे. हा तर उसळतही नाही."

सगळे खो खो हसले. ती सोडून.

"ॲक्शन!"

महाराजांनी वर पाहिलं. "मी यायला..." नजर चेंडूवरून सुटली, काठीवरून घसरत खाली आली आणि तिच्या चेहऱ्यावर थांबली. ओठ हलले, आवाज फुटेना. हात पुढे झाला आणि चोरी करताना सापडावा तसा मागे गेला.

"कट!"

दुसऱ्यांदाही तेच. या वेळी तर 'मी'सुद्धा निघाला नाही.

"महाराज, भूत वर आहे. तुम्ही त्याच्या पायांशी बोलताय."

"वाक्य विसरलो बुवा. वय झालं."

"वाक्याचं नाही, नजरेचं सांगतोय." दिग्दर्शक तिच्याकडे वळला. "तुझ्या तोंडाकडे बघतायत ते. टोपडं का काढलंस?"

"गुदमरायला होतं."

पानपानभर स्वगतं एका दमात म्हणणारा माणूस, आणि माझ्यासमोर चार शब्द जड झाले! तिने टोपडं खसकन हनुवटीखाली ओढलं.

आता तिला हिरव्या धुक्याखेरीज काही दिसत नव्हतं. फक्त आवाज येत होता.

"मी यायला हवं होतं, बाळ." एक श्वास. "मी आलो नाही."

'नाही'वर तो आवाज असा चिरला, की कॅमेरामनने नाक ओढलं. टोपड्याआड तिचे गाल भिजले. किती दिवसांनी 'बाबा' हा शब्द ओठांपर्यंत आला.

"झकास!" दिग्दर्शक म्हणाला. "एक सेफ्टीसाठी घेऊ. हा बिघडला तर दुसरा हाताशी असावा."

"तस्साच?" महाराजांनी विचारलं.

"तस्साच."

आणि महाराजांनी तस्साच दिला. तेवढाच श्वास. त्याच 'नाही'वर तीच चीर. काडीचा फरक नाही.

ओठांवर आलेला शब्द तिने गिळून टाकला.

टोपडं काढून ती मॉनिटरपाशी गेली. सगळे टेक ओळीने लागले. हिरवं पुसून मागे कच्चं चित्र बसवलं होतं, त्यामुळे पहिल्या टेकमध्ये काठी नव्हती, तिचं अंग नव्हतं. जळक्या नगरात तिचा एकटा चेहरा लटकला होता. वर चेंडू होता, पण म्हातारा त्याच्याकडे पाहतच नव्हता. तो त्या चेहऱ्याकडे पाहत तोंड उघडत होता, मिटत होता, मासा पाण्याबाहेर काढावा तसा. महाराजांना असं करताना तिने कुठल्याच चित्रपटात पाहिलं नव्हतं.

खांद्यामागे पावडरचा वास आला. महाराज केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. तेही पाहत होते. थट्टा सुचली नाही त्यांना.

"हे दोन वाया गेलेले," दिग्दर्शक म्हणाला. "उडवू ना?"

"उडवा," महाराज म्हणाले. पडद्यावरून नजर न काढता. "कचरा आहे."

"काठीवाल्या बाई, तुमचं काय? तुमच्या खात्याला लागतायत का?"

तिने तोंड उघडलं. एवढंच म्हणायचं होतं की ठेवा. ओठ हलले. आवाज फुटेना. तिने तोंड मिटलं, पुन्हा उघडलं.

दिग्दर्शक क्षणभर थांबला, आणि त्याने बटण दाबलं.