काजलचा ठसका

आम्हा सातऱ्यावरच्या बायांले ठसक्याचं काही वाटत नाही. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान; भिवापूरले तिथं लाल मिरचीचे ढीग पडतात, अन् आम्ही दिवसभर देठ खुडत बसतो. नवी पोरगी आली का दोन महिने खोकते, मग गळा सरावते. तोवर तिच्या तोंडात गुळाचा खडा द्यायचा अन् नाकाले फडकं बांधायचं. वीस वर्षांपासून मी हेच औषध देऊन राहिली, अन् मले त्याचा भारी तोरा होता.

माझी काजल दिवाळीत तापानं फणफणली. नागपूरले मोठ्या दवाखान्यात बारा दिवस मशीनवर होती, गळ्यात नळी टाकून. वाचली. पौषात माझ्यासोबत सातऱ्यावर येऊन बसली, अन् आठ दिवसांत तिच्या श्वासातून शिट्टी निघायले लागली. "माय, दम लागून राहिला," म्हणे. मी म्हटलं, "नवी आहेस, सरावशील." गूळ दिला. पुन्हा म्हणाली तर वसकन अंगावर गेली मी. "कामचुकार कुठली. जनाबाईच्या पोरीले मिरची सोसत नाही म्हणून बाया हसतील मले." त्यानंतर तिनं दमाचं नाव काढलं नाही.

वैशाखात पाण्यानं भरलेला गुंड डोक्यावर घेऊन येताना दारातच कोसळली. ओठ निळे पडले होते. तेव्हा कुठं माझे डोळे उघडले.

नागपूरले त्याच दवाखान्यात सीटी स्कॅन काढला. डॉक्टर मुग्धाबाईनं आम्हा दोघींले पडद्यासमोर बसवलं. काजलच्या गळ्यातली श्वासाची नळी, नुसती तेवढीच, निळ्या रंगात दिसत होती. बाई ती चारी बाजूंनी फिरवून दाखवत होत्या. बुडाशी बोटाएवढी जाड, अन् तिथून वर पार आवाजाच्या पेटीपर्यंत काडीएवढी.

"मशीनची नळी घासली, तिथं आतून जखम धरून ही आखडली," त्या म्हणाल्या. "शिट्टी कधीपासून येते?"

"पंधरा दिवस झाले," काजल झटकन बोलली. माझ्याकडं पाहिलंही नाही तिनं.

बाई पडद्याकडंच पाहत होत्या. "हे पंधरा दिवसांचं नाही."

मले वाचवायले पोरगी खोटं बोलून राहिली होती. मेली मी तिथंच. म्हटलं, "पौषापासून, बाई. ती सांगत होती. मीच मिरचीचा ठसका समजून गूळ चारला."

बाईनं मले बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, का तेव्हाच आणलं असतं तर आखडलेला भाग लहान असता, फुग्यानं रुंद करता आला असता, नाहीतर तेवढा कापून जोडता आला असता. आता अर्ध्याच्या वर नळी गेली. उद्या सकाळी मानेत भोक पाडून तिथूनच श्वास द्यावा लागेल, कायमचा. आवाजाचं विचारलं तर म्हणाल्या, "त्याची आशा धरू नका."

सकाळी न्यायले येतपर्यंत काजलनं भावाले फोन लावला, मैत्रीण भूमिकाले लावला. एकेक शब्द ओढून ओढून बोलली, हसली पण. मग फोन बाजूले ठेवून माझ्याकडं वळली. "माय, बोल ना काही."

माझ्या तोंडाची टकळी साऱ्या सातऱ्याले ऐकू जाते. मले माफी मागायची होती. पोरी, तू सांगत होती अन् मी ऐकलं नाही, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "भूक लागली काय वं?"

"नाही," ती म्हणाली.

तिच्या आवाजात मी ऐकलेलं ते शेवटचं.