वॉशिंग मशीनवरचा कॅमेरा

तो व्हिडिओ धाकटीने पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती वर्गात शेवटच्या बाकावर बसून चोरून बिस्किट खात होती. बिस्किट तोंडातच राहिलं.

कॉलेजात चित्रपट शिकवणाऱ्या मॅडम त्या दिवशी जुन्या विद्यार्थ्यांची कामं दाखवत होत्या. हा व्हिडिओ एका साध्या गाण्यावर केलेला होता. पोहण्याचा तलाव, आणि पाण्यावर उताणी पडलेली पन्नाशीची एक बाई. तिच्या पाठीखाली कुणाचा तरी हात. गाणं चालू राहतं, मधेच कधीतरी तो हात हळूच निघून जातो, आणि बाई तशीच पाण्यावर राहते. बस, एवढंच. कॅमेरा सगळा वेळ थरथरत असतो, जणू बघणाऱ्याचाच ऊर भरून आलाय.

धाकटी त्या दिवसापासून झपाटली. घरी तिला धाकटी म्हणत, कारण लग्न होऊन गेलेली ताई थोरली. आई फोनवर एवढ्या मोठ्याने "धाकटे, जेवलीस का?" विचारायची की वर्गातही तेच नाव पडलं. शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटाने एका गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. तिच्या गटात तिच्याशिवाय दोघंच होते: कॅमेरा चालवणारा लंबू, जो दारातून आत येताना सवयीने मान झुकवायचा, आणि गाणारी भोंगा. भोंगाचा बोलण्याचा आवाज ऐकून हे नाव कुणी ठेवलं असेल ते कळायचं; गायला लागली की मात्र समोरचा गप्प व्हायचा. गाणं तिनंच लिहिलं होतं.

"इथेच होतीस, इथेच आहेस, मधे कुठे गं गेली होतीस..."

"याला पाणीच हवं," धाकटी म्हणाली. "पाणी, आणि एक हात."

"म्हणजे तोच व्हिडिओ," लंबू म्हणाला.

"तसाच नाही. त्याच्यासारखा."

भोंगाची मामेबहीण नाच शिकायची. सडपातळ, मान लांब, पाण्यावर पानासारखी पडून राहायची. तिला घेऊन ते तलावावर गेले. सगळं मनासारखं जमलं. फक्त थरथर जमेना.

"अजून थोडा हलव ना कॅमेरा."

"किती हलवू? थंडी वाजल्यासारखा की ताप आल्यासारखा?"

"रडू आवरतोय असा."

"मला रडू येतंय, पण ते वेगळ्या कारणाने," लंबू म्हणाला. सकाळपासून तो गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा होता.

व्हिडिओ तयार झाला आणि तिघांनी तो मॅडमना नेऊन दाखवला. मॅडमनी शेवटपर्यंत बघितला, चष्मा काढून पुसला.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण मला त्या मुलीचं काहीच वाटलं नाही गं. तुला वाटलं?"

धाकटीचा चेहरा पडला. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण जीभ वळली नाही.

"दुसऱ्याचं बघून करण्यात वाईट काही नाही. सगळेच करतात, मीही केलं. पण घ्यायचंच आहे तर ज्याचं घेतलंस त्याला एकदा भेटून तरी ये. इथेच असतो तो. तलावावर मुलांना पोहायला शिकवतो."

धाकटी एकटीच गेली. वाटेत तिने मनात बरंच जुळवून ठेवलं होतं: तुमच्या व्हिडिओतली शांतता, तो विश्वास, ते हात सोडणं. पोरं त्याला दादा म्हणत; तो काठावर उभा होता, गळ्यात शिट्टी, पोट थोडं सुटलेलं. पाण्यात पोरांचा गलका चालू होता. तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. दादाने ऐकून घेतलं, कान खाजवला, आणि पाण्याकडे तोंड करून हाक मारली.

"आई! जरा इकडे ये. एक फॅन आलीय तुझी."

कडेच्या रांगेतून एक म्हातारी उताणी पोहत आली. डोक्यावर निळी टोपी, डोळ्यांना चष्मा. व्हिडिओतलीच बाई. का कोण जाणे, धाकटीने मनातल्या मनात त्या बाईंना केव्हाच देवाघरी पाठवून टाकलं होतं.

"काकू, तुम्ही त्यात हात सोडलात ना, ते बघून मी..."

"मी सोडला?" काकूंनी कठड्याला धरून तोंडावरचं पाणी निपटलं. "मी कशाला सोडतेय! यानेच काढून घेतला, लबाडाने. सोडणार नाही म्हणून शपथ घेतली होती माझी. मग मी त्याचा असा उद्धार केला की सगळा तलाव बघायला लागला. ते सगळं पुसून याने वर गाणं टाकलं."

"पण तुमचा चेहरा किती शांत होता."

"घाबरून दातखीळ बसली होती, बाळा. शिव्या नंतर."

"आणि कॅमेरा? तो थरथरतो ते..."

"बाबा होते कॅमेऱ्यावर," दादा म्हणाला. "त्यांना हसू आवरत नव्हतं. मी म्हणत होतो, बाबा, नीट धरा, मार्क जातील. ते हसतायत आणि आई ओरडतेय."

काकू कठड्याला धरून हसायला लागल्या. धाकटीला गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला लंबू आठवला आणि तीही हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र हसण्याचंच होतं की काय, तिला सांगता आलं नसतं.

"मग मी आता काय करू, दादा? मी तर अख्खा तुमचाच उचललाय."

"उचल की. मी पण एका फोटोवरून उचलला होता. दवाखान्यात भिंतीवर लावलेला असायचा, तळ्यात पडलेल्या बाईचा. घेण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही." त्याने शिट्टी वाजवून दोन मारामारी करणाऱ्या पोरांना वेगळं केलं आणि परत वळला. "पण माझी आई घेऊन तू काय करणार? तुझ्या घरी कोण आहे?"

घरी कोण आहे! हा प्रश्न घेऊन धाकटी परतली आणि तिला जरा रागच आला. घरी आई होती आणि बाबा होते, आणि दोघांकडे बघण्यासारखं काय होतं? बाबा छापखान्यात मशीनवर. कितीही घासली तरी नखांत शाई राहायचीच. आई टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. गेल्या वर्षी ती मोठ्या आजारातून उठली. औषधांनी केस सगळे गेले. आता परत आले होते, पण कुठे कमी, कुठे जास्त. निदान बाबा तसं म्हणाले होते. धाकटीने ते पाहिले नव्हते. आई घरातही डोक्याला रुमाल बांधून असायची, झोपतानासुद्धा. आजारपणात धाकटीने रात्री जागवल्या, पाय चेपले, उलटीचं भांडं धरलं, पण रुमालाचा विषय आई काढू देत नसे. "त्याचं काय एवढं," म्हणायची आणि स्वयंपाकघरात जायची.

घरात एक गोष्ट मात्र वर्षानुवर्षं न चुकता व्हायची. महिन्यातल्या एका रविवारी आई मागच्या गॅलरीत बाबांचे केस कापायची. लग्न झालं तेव्हा न्हाव्याचे पैसे वाचवायला सुरू केलं आणि पुढे तशीच सवय पडली. स्टूल, गळ्याभोवती जुनी चादर, आणि दोघांची किरकोळ भांडणं. लहानपणापासून इतक्यांदा बघितल्यामुळे ते धाकटीला दिसायचंच बंद झालं होतं. आजारपणातही ते थांबलं नव्हतं. तेव्हा आई खुर्चीत बसून कापायची आणि बाबा जमिनीवर बसायचे.

हे आठवलं तेव्हा धाकटी भांडी घासत होती. तिने नळ बंद केला आणि ओल्या हातांनीच लंबूला फोन लावला.

"केस कापणं? गाण्यावर?" लंबू म्हणाला. "येतो. लाईट काय आणू?"

"काही आणू नकोस. तू येऊही नकोस. कॅमेरा दे फक्त."

"तुला फोकससुद्धा धड करता येत नाही."

"माहीत आहे. पण तू आलास तर आई चहा करेल, चांगली साडी नेसेल, आणि सगळं संपेल."

लंबूला लागलं असणार. पण शनिवारी संध्याकाळी तो येऊन कॅमेरा देऊन गेला. कुठलं बटण दाबायचं त्यावर त्याने लाल टिकली चिकटवली होती.

रविवारी बाबा स्टुलावर बसले. धाकटी कॅमेरा घेऊन दाराला टेकून उभी राहिली.

"हे काय आता?" आई म्हणाली.

"कॉलेजचं काम आहे. तुम्ही तुमचं चालू द्या."

"माझी टकलाची बाजू घेऊ नकोस," बाबा म्हणाले.

"मग घेण्यासारखं राहिलंय काय?" आईने कात्री हातात घेतली. "अहो, मान खाली. किती वेळा सांगायचं."

धाकटीने पहिल्यांदाच नीट बघितलं. केस कापताना आईचा डावा हात बाबांच्या कपाळावर असायचा, ताप बघावा तसा. कानामागे आली की ती फुंकर मारायची आणि बाबा डोळे मिटून घ्यायचे. त्यांना गुदगुल्या होत असाव्यात, पण ते हलत नसत. इतकी वर्षं ही माणसं तिच्या डोळ्यांदेखत हे करत होती!

काम झालं. आईने चादर झटकली. बाबा उठले, मानेवरून हात फिरवला, आणि नेहमीसारखे अंघोळीला न जाता तिथेच उभे राहिले.

"आता तू बस," ते म्हणाले.

"कुठे?"

"स्टुलावर. मागे फार वाकडे वाढलेत. मला रोज दिसतात. सरळ करून देतो."

"तुम्हाला येतं का काही?"

"कागद सरळ कापण्यात जन्म गेला माझा."

आई हसली नाही. तिने धाकटीकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं. बंद करते, असं धाकटी म्हणणारच होती, तेवढ्यात आई म्हणाली, "ते ठेव खाली. आणि आतून आरसा आण. यांचा भरवसा नाही मला."

धाकटीने हाताशी होतं त्या वॉशिंग मशीनवर कॅमेरा ठेवला. बंद करायचा राहून गेला, की तिने राहू दिला, हे तिने पुढे कितीदा आठवून बघितलं. ती आरसा घेऊन आली तेव्हा आई स्टुलावर बसली होती. बाबा तिच्या रुमालाची गाठ सोडत होते. गाठ घट्ट होती आणि शाईची बोटं जाडी, वेळ लागला. आईने मांडीवर हात घट्ट धरून ठेवले होते.

केस राखाडी होते, मऊ, नुकत्याच जन्मलेल्या पोराच्या जावळासारखे. एका बाजूला थोडे कुरळेही. पूर्वी आईचे केस कधीच कुरळे नव्हते.

"कसे दिसतात?" आईने विचारलं. आरशात नाही, धाकटीकडे बघून.

"आई, कुरळे आलेत गं."

"हो ना? मलाही वाटलं तसं," आई म्हणाली. "आरसा नीट धर. डोळे काय पुसतेस, मला छत दिसतंय नुसतं."

बाबांनी कापले. वाकडेच कापले.

व्हिडिओ जोडताना लंबू, भोंगा आणि धाकटी भोंगाच्या खोलीत बसले होते. चित्र सगळं अर्धवट होतं. आईचं डोकं आलं होतं पण बाबांचं नाही. बाबांचे नुसते हात, मानेवर फिरणारे. कडेला आरसा धरलेलं धाकटीचं कोपर. लंबूने तो तुकडा परत लावला, आणि मग परत.

"एकही कट नको," शेवटी तो म्हणाला.

भोंगाने आपलं स्टुडिओत केलेलं गाणं रद्द केलं. "हे फार मोठ्याने झालंय," ती म्हणाली. हे तिने म्हणावं याचं दोघांना हसू आलं, पण ती गादीवर बसली आणि हळू, जवळ झोपलेलं कुणी उठू नये अशा बेताने गायली. तेच वापरलं.

पण कॉलेजात देण्याआधी आईला दाखवायचं होतं. धाकटीने तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि आधीच सांगून टाकलं, "कॅमेरा चालू होता. मी सांगितलं नाही. तू नको म्हणालीस तर आत्ता तुझ्यासमोर पुसते."

आईने बघितलं. सगळं संपल्यावरही ती काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

"ती मागच्या दोरीवरची फाटकी बनियन काढता येणार नाही का?"

"नाही आई."

"काय म्हणतील लोक. छापखान्यात आहेत म्हणतील, आणि बनियन घ्यायची ऐपत नाही." ती उठली, दारापर्यंत गेली, थांबली. "त्यांचे हात किती जपून फिरतात गं. मला बसल्या बसल्या कळलं नव्हतं. दाखव."

कॉलेजात त्यांचा व्हिडिओ पहिला आला नाही. पहिला आला तो दुसऱ्या गटाचा, त्यात आग होती आणि छतावरून उडी होती. पण धाकटीच्या व्हिडिओनंतर दिवे लागले तेव्हा टाळ्या जरा उशिरा सुरू झाल्या, आणि मॅडम चष्मा पुसत होत्या. शेवटच्या आभारांत तलावावरचे दादा आणि काकू होते. मॅडमनी ते वाचून धाकटीकडे बघून नुसती मान डोलावली.

आई बाबांच्या शेजारी बसली होती, रुमाल बांधूनच. मॅडम तिच्याशी बोलायला आल्या, पोरीचं कौतुक करायला लागल्या.

"तिने काही केलं नाही हो," आई म्हणाली. "आरसा धरला, तोही वाकडा."

बाहेर वारा सुटला होता. तिघं बस थांब्याकडे चालत निघाले. चालता चालताच आईने रुमाल काढला, घडी केली आणि पर्समध्ये टाकला, बसचं सुटं शोधावं इतक्या सहज. बाबांनी बघितलं आणि समोर बघून चालत राहिले. आईचे आखूड केस वाऱ्याने सगळे एका बाजूला झाले होते.

"अहो, मागून फार वाकडे दिसतात का?" तिने विचारलं.

"थोडे," बाबा म्हणाले.

"मग पुढच्या वेळी हळू कापा. घाई कसली असते तुम्हाला?"