चौदा मार्चचा ठिपका

नसीमबाईंनी हातमोजे घातले आणि मगच गठ्ठ्याची सुतळी सोडली. जुन्या कागदांना हातमोजे लागत नाहीत हे त्यांनाही माहीत होतं, पण या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं उघड्या हातानं काही उचललं नव्हतं. शेवटच्या दिवशी तरी सवय कशाला मोडायची?

सदाशिव पेठेतली ही रक्त तपासायची लॅब सोमवारपासून कर्वेनगरला जाणार होती आणि नसीमबाई घरी. मशिनं आधीच हलली होती. भिंतीवर डॉक्टर रंगनाथ मेहेंदळ्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेल्या पाट्या तेवढ्या उरल्या होत्या. ‘पिपेट तोंडाने ओढणाऱ्याने आधी स्वतःचे रक्त तपासून घ्यावे.’ ‘येथे खोडरबर मिळणार नाही.’ आणि दारावर, ‘चहा आत आणू नये. आत लोकांचे रक्त आहे.’ डॉक्टरांना जाऊन सात वर्षं झाली होती, पण पाट्यांचा दरारा तसाच होता.

लॅब आता त्यांची मुलगी तेजस्विनी बघत होती. कालच ती म्हणाली होती,

“मावशी, तुमच्या जुन्या चार्टमधला एखादा छानसा निवडून ठेवा ना. फ्रेम करून नव्या लॅबमध्ये लावते. बाकीचे रद्दीत जातील.”

“बघते,” नसीमबाई म्हणाल्या होत्या. आज त्या तासभर लवकर आल्या, त्या चार्ट निवडायला नाही. त्या गठ्ठ्यातला एक कागद त्यांना कोणाच्या हाती लागू द्यायचा नव्हता.

चार्टची भानगड सोपी होती. रोज सकाळी पेशंटच्या रक्ताआधी एक ठरावीक नमुना तपासायचा, ज्यातली साखर शंभर आहे हे आधीच माहीत असतं. त्याला कंट्रोल म्हणायचं. आलेख कागदावर ब्याण्णव आणि एकशेआठवर दोन लाल रेषा आखलेल्या असायच्या. आलेल्या आकड्याचा ठिपका त्या दोन रेषांच्या आत पडला तर दिवस सुरू. बाहेर पडला तर काम बंद. चूक सापडेपर्यंत एकाही माणसाचा रिपोर्ट बाहेर जायचा नाही. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, “ठिपका कुठे पडायचा ते आपण ठरवायचं नसतं, नसीमबाई.”

चौदा मार्च दोन हजार एकला ते नसीमबाईंनी ठरवलं होतं. आकडा आला होता एकशेबारा. आलिमाचा दहावीचा गणिताचा पेपर अकराला होता आणि पोरगी भीतीनं रात्रभर झोपली नव्हती. तिला सेंटरवर सोडायला दहाला निघायलाच हवं होतं. चूक शोधत बसलं तर दोन तास गेले असते. बाकड्यावर अकरा माणसं उपाशीपोटी रक्त देऊन बसली होती. नसीमबाईंनी एकशेचारवर ठिपका दिला, अकरा रिपोर्ट लिहिले आणि दहाला निघाल्या.

आलिमा पास झाली. आता ती वाघोलीला राहते, तिचीच मुलगी दहावीला आहे. पण नसीमबाईंच्या डोळ्यांपुढून तो ठिपका गेला नाही. पुन्हा त्यांनी असं कधी केलं नाही. डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही, हाच काय तो त्यांना आधार होता.

कळलं असतं तर ते रोज सातला चहाला आले असते का? त्याच उन्हाळ्यात तो रिवाज सुरू झाला होता. एरवी नऊला उगवणारे डॉक्टर अचानक सातला हजर होऊ लागले. उंबऱ्याच्या बाहेर स्टूल टाकायचे, नसीमबाईंच्या थर्मासमधला आल्याचा चहा घ्यायचे आणि कंट्रोल लागेपर्यंत जगातल्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायचे. पेपर, महापालिका, जावई, कोणी सुटायचं नाही. नसीमबाई आतून हसायच्या, ठिपका द्यायच्या, मग मोजे काढून, हात धुऊन बाहेर यायच्या आणि उभ्यानंच आपला कप घ्यायच्या. घरी त्या नातवंडांना अभिमानानं सांगायच्या, डॉक्टर माझ्या हातच्या चहासाठी दोन तास लवकर यायचे. आयुष्यात त्यांना तेवढा मान दुसऱ्या कोणी दिला नव्हता.

मार्चचा कागद सापडला. एकशेचारवरचा ठिपका जरा जास्तच गोल, जास्तच नीटस होता. घडी घालून पर्समध्ये टाकावा म्हणून त्यांनी तो उलटला आणि थांबल्या.

मागे डॉक्टरांचं अक्षर होतं. ‘दुपारी कंट्रोल स्वतः लावला. ११२. तुलनेच्या स्टँडर्ड द्रावणाची बाटली खराब.’ खाली अकरा नावं. प्रत्येकापुढे दोन आकडे, नसीमबाईंचा आणि डॉक्टरांचा. तीन नावांपुढे लिहिलं होतं, ‘घरी जाऊन रिपोर्ट बदलून दिला.’ आणि शेवटी, ‘बाईंना विचारू नये. मुलीची परीक्षा आहे. उद्यापासून सातला येणे.’

नसीमबाई स्टुलावर बसल्या. डॉक्टर बसायचे त्याच. समोर भिंतीवर चार्टचा खिळा होता. उंबऱ्याबाहेरून ठिपका अगदी स्पष्ट दिसत असणार. म्हणजे चहा नव्हताच तो, पहारा होता. सोळा वर्षं आपण कौतुकानं आलं किसून घालत होतो आणि माणूस आपल्यावर नजर ठेवायला येत होता. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटलं.

“सापडला का एखादा, मावशी?” चहासाठी रिकामा कप घेऊन तेजस्विनी दारात उभी होती.

कागद लपवायला वेळ होता. नसीमबाईंनी तो तिच्यापुढे धरला.

तेजस्विनीनं पुढची बाजू पाहिली, मागची वाचली.

“मी केलं होतं ते,” नसीमबाई म्हणाल्या. “सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.”

“खालचं वाचलंत का?”

“वाचलं. सातला येणे.”

“त्याच्या खाली. पेन्सिलनं आहे, पुसट झालंय.” तेजस्विनीनं कागद खिडकीपाशी नेला. “चौदा जुलै. ‘चार महिने रोज पाहिले. आता सातला येण्याचे कारण उरले नाही.’”

नसीमबाईंनी चष्मा काढला, मोज्याच्या पाठीनं डोळे टिपायला गेल्या, आणि सवयीनं हात खाली घेतला.

“बाबा तर शेवटपर्यंत पावणेसातला घरातून निघायचे,” तेजस्विनी म्हणाली. “आई वैतागायची. घरचा चहा घ्यायचे नाहीत. लॅबमध्ये काम आहे म्हणायचे.”

“लाल पेन दे.”

नसीमबाईंनी कागद टेबलावर पसरला. एकशेचारच्या ठिपक्यावर एकच आडवी रेघ मारली, खालचं दिसत राहील अशी. डॉक्टरांनी शिकवली होती तशी. मग चौदा तारखेच्या ओळीत वर, रेषेच्या बाहेर, एकशेबारावर ठिपका दिला. शेजारी सही केली आणि आजची तारीख घातली.

“हाच लाव.”

“मावशी, अहो, हा सगळे बघतील.”

“बघू देत.”

त्यांनी मोजे काढले, हात धुतले, थर्मास उचलला आणि उंबऱ्याबाहेर गेल्या. कागद न्याहाळत तेजस्विनी आतच उभी होती, हातात रिकामा कप घेऊन.

“बाहेर ये,” नसीमबाई म्हणाल्या. “आत चहा नको.”